चौकटीच्या आत कोण, बाहेर कोण?

शाळेत असताना आपण सगळ्यांनीच कधी ना कधी निसर्गचित्र काढलं आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, काठावर नारळाचं झाड आणि आकाशात चार-पाच पक्षी. लातूर असो की परभणी, जिथे नारळ फक्त देवळात दिसतो, तिथेही चित्र मात्र हेच! या चित्रात एक गोष्ट हमखास नसते. माणूस. फार तर एखादी झोपडी असते, पण तिच्या दारात धुणं वाळत नाही, चूल पेटत नाही, कुणी बाई पाण्याला निघालेली नसते.

आणि ‘माझे घर’ असा विषय दिला की उलटं होतं. भिंती, खिडक्या, आई-बाबा, टीव्ही सगळं येतं, पण घरातली पाल, परसातली मुंगी, कौलावरची चिमणी येत नाही. म्हणजे निसर्ग एका कागदावर आणि माणूस दुसऱ्या कागदावर. लहानपणीच आपण मनाशी ठरवून टाकतो की निसर्ग म्हणजे जिथे आपण नाही ती जागा. मग मोठेपणी आपण ‘निसर्गात’ फिरायला जातो, दोन दिवस राहतो आणि घरी परत येतो. जणू घर निसर्गाच्या बाहेरच असतं!

पण आपल्या आज्या-पणज्या अशी चित्रं काढत नव्हत्या. त्यांच्या हातात ब्रश नव्हता, रांगोळीची चिमूट होती. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत महिनाभर दारात काढलं जाणारं चैत्रांगण आठवा. अंगण शेणाने सारवायचं आणि त्यावर शुभ्र रेषांनी मांडायची ती एक अख्खी सृष्टी. मध्ये गौरीचा पाळणा किंवा देव्हारा. आजूबाजूला सूर्य, चंद्र, तुळशी वृंदावन, कमळ, कासव, नाग, हत्ती, मोर, गाईची पावलं. आणि त्यांच्याच शेजारी फणी, आरसा, करंडा! फणी आणि कासव एकाच अंगणात, साधारण एकाच मापाची. हत्ती मोठा म्हणून त्याला जास्त जागा नाही आणि फणी रोजच्या वापरातली म्हणून ती कमी महत्त्वाची नाही.

हे कुणी चित्रकलेच्या वर्गात शिकवलं नव्हतं. पण त्यात एक विचार आहे. घर आणि रान यांच्यात सीमा आहे हे त्या बायकांना माहीत होतं. नाग घरात आलेला त्यांना नको होताच की! तरीही दाराशी त्याला एक जागा राखून ठेवलेली होती. आत नाही, पण चित्रातून हद्दपारही नाही. उंबरठ्याबाहेरच्या त्या चार हातांत दोन्हीकडचे एकमेकांना भेटत होते.

बायकांच्या हातची अशीच दुसरी एक चौकट आपल्याला ओळखीची वाटते, पण खरी फारशी माहीत नसते. ती म्हणजे वारल्यांचा लग्नचौक.

वारली चित्रं आज कुठे नाहीत सांगा. कुर्त्यावर, पडद्यावर, कपबशीवर, उशीच्या अभ्र्यावर, शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवर. त्रिकोणी अंगाची, काडीसारख्या हातापायांची ती माणसं फेर धरून नाचताना आपण इतकी पाहिली आहेत की ‘वारली’ म्हणजे तो नाच असंच वाटायला लागलं आहे. मूळ चित्र मात्र वेगळं आहे. ते लग्नाच्या वेळी घरातल्या भिंतीवर काढलं जायचं आणि ते काढायच्या सवासिनी. डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड हा तो भाग. २०१४ पर्यंत तो ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. कुडाची भिंत, तिला शेणामातीचा लेप, वर गेरूचा हात. तांदूळ भिजवून वाटायचे, त्याचं पातळ पीठ करायचं आणि टोकाला चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने रेषा ओढायच्या. रंग एकच, पांढरा. लग्न लावायला धवलेरी असते. तीही बाईच. ती लग्नाची गाणी म्हणते.

आता या चौकाची मांडणी बघा. चारही बाजूंनी नक्षीची जाडजूड चौकट. त्या चौकटीच्या आत कोण? नवरा-नवरी नाहीत, घरधनीही नाही. आत असते पालघट देवी, झाडापेरांची, पिकाची, जन्म देणारी देवी. आणि चौकटीच्या बाहेर डोंगर, झाडं, ताडावर चढणारा माणूस, पक्षी, गुरं, मुंग्या आणि लग्नाला आलेली नाचणारी मंडळी. सगळी एकमेकांत मिसळलेली. झाडाएवढा माणूस नाही आणि माणसासाठी वेगळी राखीव जागाही नाही.

माझ्या मते यात फार मोठी गोष्ट आहे. आपण चौकट काढतो तेव्हा आत आपण असतो आणि बाहेर निसर्ग. घराला कुंपण घालतो तेव्हाही तसंच. वारली सवासिनींनी चौकट काढली, पण मधली मानाची जागा दिली ती रुजवणाऱ्या देवीला, आणि स्वतः बाहेर मुंग्यांच्या, पाखरांच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. सीमा पुसली नाही. ती नीट, जाड रेषेने काढली. फक्त आत-बाहेरची अदलाबदल केली.

या चित्रांना बाहेरच्या जगात नेलं ते जिव्या सोमा म्हसे यांनी. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. लहानपणी आई गेली, तेव्हापासून मुलाचं बोलणं थांबलं आणि मातीत चित्रं काढूनच तो सांगू लागला, असं त्यांच्याबद्दल सांगतात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे चित्रकार त्या भागात गेले, तिथल्या भिंती पाहून थक्क झाले आणि कागद-रंग घेऊन आले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसेंचं प्रदर्शन झालं. १९८९ मध्ये त्यांची कला पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात पोचली. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले.

म्हसेंनी मासेमारीची जाळी रंगवली आहेत ती मिळाली तर जरूर बघा. सबंध चित्रभर पसरलेलं बारीक विणीचं जाळं आणि कोपऱ्यात इवलासा कोळी. जाळं टाकणारा तो, पण चित्रात मोठं काय आणि लहान काय, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

२००३ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात म्हसे आणि इंग्लंडचे रिचर्ड लाँग या दोघांचं मिळून प्रदर्शन झालं. लाँग यांची गंमत ऐका. १९६७ साली, विद्यार्थी असताना, ते एका गवताळ माळावर एकाच रेषेत पुन्हा पुन्हा चालत राहिले. गवत दबलं, एक सरळ वाट उमटली. तिचा फोटो काढला आणि हेच माझं चित्र म्हणाले! कलेच्या इतिहासात त्या फोटोला मोठं स्थान आहे. वाचलं तेव्हा मला आपल्या पाणवठ्यांच्या पायवाटा आठवल्या. डोक्यावर हंडा घेऊन पिढ्यान्‌पिढ्या त्या रेषा कुणी ओढल्या? त्यांचे फोटो कुणी काढले नाहीत, एवढंच.

इथेच एक गोष्ट मनाला टोचते. चित्र भिंतीवर होतं, विधीचं होतं, तोवर ते बायकांचं होतं. ते कागदावर आलं, त्याला किंमत आली, आणि पुढे आले ते पुरुष. सवासिनींची नावं कुठेच लिहिली गेली नाहीत. म्हसेंच्या मोठेपणाला यामुळे कमीपणा येत नाही. ते थोरच होते. आज त्या भागातल्या बायका, मुलीही कागदावर, कापडावर चित्रं काढतात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण पाया कुणी घातला हे आपण बायकांनी तरी विसरू नये. आणि आणखी एक. सवासिनीचा मान म्हटला की विधवा, टाकलेली बाई आपोआप बाहेर राहते. तिकडेही आणि आपल्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवातही. निसर्गाला चौकटीत घेताना आपल्यातल्याच बायका बाहेर ठेवायच्या, हे काही बरोबर नाही.

सीमेचं आणखी एक चित्र या भागात आहे. ते भिंतीवर नसतं, गावाच्या शिवेवर असतं. लाकडाच्या फळीवर किंवा दगडात कोरलेला वाघोबा. सोबत बहुतेकदा सूर्य, चंद्र, नाग. २०२१ मध्ये वन्यजीवांच्या अभ्यासकांनी पालघर, ठाणे आणि मुंबई उपनगर या भागांतल्या वाघोबाच्या दीडशेहून जास्त ठाण्यांची नोंद प्रसिद्ध केली. त्या भागात पट्टेरी वाघ आता उरला नाही, बिबट्या आहे. पूजा मात्र चालूच आहे. अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराला ओवाळतो. त्याच दिवशी डोंगरभागातले आदिवासी वाघबारस करतात. आपण गाईला पुजायचं आणि त्यांनी गाय खाणाऱ्याला! दिवस एकच. विचार केला तर दोन्ही मागणं एकच आहे, आमचं गोठ्यातलं धन सुखरूप राहू दे.

वाघोबाची एक कथा सांगतात. एका बाईच्या पोटी जन्मलेलं मूल वाघ झालं. ते गुरं मारू लागलं. मग तडजोड झाली. गावाने त्याला ठाणं द्यायचं, वर्षाचा नैवेद्य द्यायचा आणि त्याने गावाला जपायचं. या कथेत वाघाचं कौतुक नाही. भीती आहे, आणि भीतीतून निघालेला करार आहे. तो कोरलेला वाघोबा म्हणजे त्या कराराची निशाणीच. इथून पुढे तू, इथून अलीकडे आम्ही, आणि वर्षातून एकदा भेट.

हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण आमचा तालुका उसाचा आणि आमच्याकडे बिबट्या ही गोष्टीतली बाब नाही. जुन्नर, शिरूर, संगमनेर, अकोले या भागांतल्या मैत्रिणींना सांगायला नको. ज्या आईने संध्याकाळी अंगणातल्या पोराला ओढून घरात घेतलं आहे, तिला ‘निसर्गावर प्रेम करा’ असं मी सांगणार नाही. मला तो अधिकार नाही.

पण दोन वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाने एक छोटा प्रयोग केला. एका वस्तीवर, समाजमंदिराच्या फरशीवर गेरू सारवला आणि पंचवीस-तीस जणींना रांगोळी दिली. सासवा, सुना, शाळेतल्या मुली, नवरा गेलेल्या, सगळ्या. विषय एकच दिला. वस्ती आणि वस्तीच्या बाहेरचं, दोन्ही एकाच चौकटीत काढायचं. स्पर्धा नाही, नंबर नाही.

मुलींनी लगेच दोन डोंगर काढले. शेजारी बसलेली आजी म्हणाली, “अगं पोरी, डोंगर कुठंय आपल्यात? ऊस काढ की!” सगळ्या हसल्या. मग उसाच्या रेघा आल्या. विहीर आली, शाळा आली, गोठे आले. कुणी गाईची पावलं काढली, कुणी मुंग्यांची ओळ. एका उसतोडीच्या घरातल्या बाईने बराच वेळ काहीच काढलं नाही. शेवटी उठली आणि उसाच्या कडेला दोन ठिपके ठेवून परत येऊन बसली. नुसते दोन ठिपके. ते डोळे आहेत हे कुणालाच सांगावं लागलं नाही. हसणं थांबलं.

मग खरं बोलणं सुरू झालं. आपली हद्द कुठे संपते, रेघ कुठे ओढायची? एक म्हणाली, शेवटच्या घराशी. दुसरी म्हणाली, नळाशी, कारण पहाटे तिथवर जावंच लागतं. तिसरीने बोट ठेवलं ते उकिरड्यावर. “अहो ताई, तो तिथनंच येतो. कोंबडीच्या दुकानाची घाण तिथं टाकतात, कुत्री जमतात, आणि कुत्र्यांमागं तो.” तिने कुठलं पुस्तक वाचलेलं नव्हतं. पण विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोल्याच्या खोऱ्यात वर्षानुवर्षं केलेला अभ्यास हेच सांगतो. शेतीवाडीत राहणाऱ्या तिथल्या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा होता. म्हणजे सीमा जंगलाच्या काठावर नाहीच. ती आपल्या कचऱ्यातून जाते!

चित्र काढलं नसतं तर हे बोलणं झालं असतं का? मला शंका आहे. बिबट्याच्या सभा आम्ही आधीही घेतल्या होत्या. तिथे पुरुष बोलायचे, पिंजरा लावा म्हणायचे आणि बायका पदर तोंडाला लावून मागे बसायच्या. फरशीवर मात्र प्रत्येकीच्या हातात चिमूट होती. आपण रोज कुठून चालतो, कुठे थांबतो, कुठे छातीत धस्स होतं, हे त्यांनी बोलण्याआधी काढून दाखवलं. त्या दुपारनंतर वस्तीने उकिरड्याची जागा बदलली, दुकानाच्या घाणीसाठी खड्डा करून घेतला, नळाच्या वाटेवर दिवा मागितला आणि मिळवला. पहाटे पाण्याला एकटं जायचं नाही, गप्पा मारत, आवाज करत जायचं, असं ठरलं. बिबट्या नाहीसा झाला का? नाही. उसात तो आहेच. पण रेघ कुठे आहे हे आता सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ती आपण राखायची आहे हेही.

म्हणून मला वाटतं, माणूस आणि निसर्ग यांच्यातली सीमा हा चित्राचा विषय केवळ मोठ्या गॅलऱ्यांमधल्या कलावंतांचा नाही. तो आपला आहे. आणि त्या विषयाला सुंदर दिसायची घाई नसावी. वारली चित्रं छापलेले पडदे आपण हौसेने लावतो. पण नीट पाहिलं तर त्यातून वाघ गेलेला असतो, मुंग्या गेलेल्या असतात, पालघट तर नसतेच. उरतो फक्त नाच. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं तोडली गेली. त्याच आरेत वारल्यांचे पाडे आहेत. झाड जमिनीवर राहिलं नाही तर भिंतीवरच्या झाडाला काय अर्थ? चित्र घरात घ्यायचं आणि ज्या रानातून ते आलं त्याची खबरही घ्यायची नाही, हे म्हणजे सुनेचे दागिने ठेवून सुनेला माहेरी धाडण्यासारखं झालं.

मग आपण काय करायचं? साध्या गोष्टी सांगते. वारली चित्र विकत घ्यायचं असेल तर शक्यतो काढणाऱ्याकडून घ्या आणि खाली नाव कुणाचं आहे ते बघा. चित्रात झाडं, प्राणी, शेत आहे ना, तेही बघा. स्वतः काढायचं असेल तर त्यांचंच तंत्र पुरेसं आहे. जाड कागदाला किंवा पुठ्ठ्याला गेरूचा हात द्या. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक घाला आणि काडीने काढा. पण नाचाचा फेर उतरवून काढू नका. तो त्यांचा आहे. तुमच्या दारातलं काढा. चिंचेवरची वानरं, गच्चीवरची कबुतरं, नाल्यातली डुकरं, नळाखाली पाणी प्यायला येणारी मैना, स्वयंपाकघरातल्या मुंग्या. आणि त्यांच्यात स्वतःला काढायला विसरू नका. हातात झाडू असला तरी चालेल!

मुलांना निसर्गचित्र काढायला दिलं तर त्यांना एकच प्रश्न विचारा. “यात तू कुठे आहेस?” बघा, मूल क्षणभर थांबतं. मग डोंगराच्या पायथ्याशी एक छोटं माणूस येतं, त्याच्या पायाशी कुत्रं येतं, हळूहळू घर येतं, घराला दार येतं.

यंदाच्या चैत्रात अंगण नसेल तर फरशीवर, तीही नसेल तर पाटावर चैत्रांगण काढा. जुनी चिन्हं सगळी काढा, आणि त्यात एक नवं घाला. आपल्या गावातून गेलेलं किंवा जाऊ पाहणारं काहीतरी. चिमणी, माळढोक, आटलेला ओढा, काहीही. शेजारणीला बोलवा, कुंकू लावताना कुणाला वगळू नका. कैरीची डाळ आणि पन्हं हातात देता देता विचारा, आपल्या चौकटीच्या आत कोण आहे आणि बाहेर कोण राहिलंय?